डोंगरातल्या दगडी घराचा गिलावा दर वर्षी खालून सुटतो? आधी पाण्याची वाट शोधा

डोंगरातलं जुनं घर चुना, माती, लाकूड वापरून पुन्हा उभं केलं की सुरुवातीला भिंती सुरेख दिसतात. मग एक ओला मोसम जातो आणि जमिनीपासून मांडीएवढ्या उंचीपर्यंतचा गिलावा फुगतो, भुसभुशीत होतो, गळून पडतो. पुन्हा थर द्यायचा, पुन्हा तेच. शेवटी कुणीतरी म्हणतं की नैसर्गिक साहित्य टिकतच नाही, आणि त्या पट्ट्यावर सिमेंट चढतं. हे दुखणं मी बऱ्याच घरांत निस्तरलं आहे आणि माझं मत पक्कं झालं आहे: गिलावा हा बहुतेक वेळा निरोप्या असतो. भिंतीत पाणी कुठून शिरतंय आणि कुठून बाहेर पडू शकत नाहीये, हे कळेपर्यंत थापी हातात घेऊ नका.

खालच्या तपासण्या फुकट आणि सोप्या कामांपासून खर्चिक आणि अवघड कामांकडे जातात. क्रम मोडू नका. पहिल्या तीन-चारांतच बहुतेक घरांचा प्रश्न सुटतो, आणि चर खणून झाल्यावर "पन्हळ तुंबली होती" हे कळणं फार जिवावर येतं.

लक्षणं

यातली दोन-तीन दिसत असतील तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

- जमिनीपासून साधारण मीटरभराच्या आत ओलीची वेडीवाकडी रेघ, आणि त्या रेघेवर पांढरी लव. यालाच लोणा लागणं म्हणतात.
- बोटाच्या पेराने वाजवलं की भिंत काही ठिकाणी पोकळ बोलते.
- रंगाचे फुगे आणि पापुद्रे.
- कपाटामागे, गादीमागे किंवा कोपऱ्यात काळी बुरशी.
- घर उघडल्या उघडल्या येणारा कुबट वास, जो खिडक्या उघडूनही पुन्हा येतो.
- भिंतीलगतच्या फळ्या पायाखाली दबतात, किंवा तुळईचं भिंतीतलं टोक काळवंडलेलं दिसतं.

काहीही करण्याआधी गळालेल्या गिलाव्याचा एक मोठा तुकडा उचला आणि उलटा करून उजेडात धरा. पाठीवर पांढऱ्या, बारीक सुयांसारखे स्फटिक असतील तर पाणी भिंतीतून क्षार घेऊन येत होतं आणि ते गिलाव्यामागेच वाळत होतं. स्फटिक वाढताना जो दाब येतो त्यानेच थर ढकलला गेला. पाठ कोरडी, स्वच्छ आणि धुळकट असेल तर थर भिंतीला धरलाच नव्हता. कोरड्या किंवा न झाडलेल्या भिंतीवर तो लावला गेला. तुकडा चिमटीत सगळ्या जाडीभर पीठ होत असेल तर चुना पिकलाच नाही: ऊन-वाऱ्याने फार लवकर सुकला, किंवा ओला असताना गोठला. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात दोष खरोखर कामाचा आहे, तेव्हा सरळ शेवटच्या गिलाव्याच्या भागाकडे जा. पहिल्या प्रकारात पुढे वाचा.

१. पावसात घराभोवती फिरा

खर्च शून्य. जोराचा पाऊस किंवा बर्फ वितळण्याचे दिवस पकडा आणि छत्री घेऊन घराला सावकाश फेरी मारा. पागोळ्या कुठे पडतात, त्यांचे शिंतोडे भिंतीवर किती उंच उडतात, पाणी कुठे साचतं, चढाकडून येणारा ओहोळ घराला वळसा घालतो की भिंतीला येऊन टेकतो, हे सगळं कोरड्या दिवशी दिसत नाही. मोबाइलवर फोटो काढा आणि घरात जाऊन ओला पट्टा नेमका कुठे आहे ते त्या फोटोंशी ताडून बघा. ओल चारही भिंतींना सारखी आहे, की चढाकडच्या एकाच भिंतीला, की फक्त एका कोपऱ्यात? एकाच कोपऱ्यातली ओल म्हणजे जवळपास नक्की वरून येणारं पाणी. चढाकडची सगळी भिंत ओली म्हणजे जमिनीतून येणारं. चारही भिंतींना सारखी, आणि तीही थंडीत जास्त, असं असेल तर पुढची तपासणी फार महत्त्वाची.

२. पाणी बाहेरून येतंय की घरातल्या हवेतून?

डोंगरातल्या घरांच्या बाबतीत हा मुद्दा सगळ्यात जास्त सुटतो. घर आठवडेच्या आठवडे बंद असतं. दगडाच्या जाड भिंती गारठलेल्या असतात. मग कुटुंब येतं, शेगडी पेटते, स्वयंपाक होतो, ओले कपडे वाळत पडतात. हवा तासाभरात गरम होते, भिंतीला मात्र दोन-तीन दिवस लागतात. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या हवेत आर्द्रता ६० टक्के असेल, तर १२ अंशांच्या किंवा त्याहून थंड पृष्ठभागावर त्या हवेतली वाफ पाणी होऊन बसते. बंद घराची भिंत तेव्हा १२ अंशांच्या कितीतरी खाली असते. त्यात नळकांडं नसलेला गॅस हीटर लावला तर आणखी भर पडते, कारण एक किलो गॅस जळताना सुमारे दीड किलो पाणी वाफेच्या रूपात खोलीत येतं.

तपासायला जाड प्लास्टिकचा हातभर चौकोन घ्या आणि ओल्या भागावर चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट बंद करा. गिलावा भुसभुशीत असेल तर शेजारच्या धड भागावर लावा. एक-दोन दिवस राहू द्या. खोलीच्या बाजूने थेंब आले तर ओल हवेतली आहे. प्लास्टिकच्या मागे, भिंतीच्या बाजूने आले तर ओल भिंतीतली. दोन्हीकडे आले तर दोन्ही कारणं आहेत, आणि तसंही पुष्कळदा असतं.

हवेतली ओल निघाली तर गिलाव्याला हात लावायची गरज नाही. घर बंद करताना वरचे झरोके उघडे ठेवा, कपाटांची दारं उघडी टाका, गाद्या आणि फर्निचर भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. राहायला आल्यावर शेगडी एकदम भडकवण्यापेक्षा मंद आणि सलग चालवा, म्हणजे भिंतही गरम होते. बाहेर कोरडी थंडी असताना खिडक्या थोडा वेळ सताड उघडा. ती हवा आत येऊन गरम झाली की चांगली कोरडी होते. उलट, बाहेर उबदार दमट हवा आणि आत भिंती गार, अशा दिवशी खिडक्या उघडल्या तर ओल वाढते. बर्फ वितळण्याच्या दिवसांत नेमकं हेच होतं, आणि लोक घर "वाळवायला" दिवसभर खिडक्या उघड्या ठेवतात.

एक इशारा: आतून दगडी भिंतीला उष्णतारोधक थर लावला असेल, मग तो लोकरीचा असो की लाकडाच्या तंतूंचा, तर मागची भिंत आधीपेक्षा थंड राहते. थर आणि भिंत यांच्यामध्ये पोकळी राहिली असेल तर पाणी तिथे जमतं आणि बाहेरून काहीच दिसत नाही. एखादा कोपरा सोडवून मागे हात घालून बघा.

३. पन्हळ, कौलं, पागोळ्या

शिडी आणि एक मदतनीस पुरतो. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर एक लिटर पाणी होतं. म्हणजे ४० चौरस मीटरच्या एका पाख्यावर ५० मिलिमीटर पाऊस झाला की २,००० लिटर पाणी वळचणीला येतं. पन्हळ पानांनी तुंबली असेल, किंवा तिचा उतरता पाइप भिंतीच्या पायाशीच संपत असेल, तर हे सगळं पाणी एकाच कोपऱ्यात जिरतं.

पन्हळ साफ करा, वरून बादलीभर पाणी ओतून ते कुठे जातं ते बघा, आणि पाइपचं तोंड भिंतीपासून निदान दोन मीटर लांब, उताराकडे न्या. घसरत्या बर्फाने तुटते म्हणून पुष्कळ डोंगरी घरांना पन्हळ नसतेच. त्याला हरकत नाही, पण मग पागोळ्या जिथे पडतात तिथे फरशी किंवा काँक्रीट नको. कठीण जमिनीवरून शिंतोडे उडतात आणि गिलाव्याचा खालचा भाग रोज न्हातो. त्या पट्टीत मोठी खडी टाकली की शिंतोडे तिथेच मोडतात.

४. बाहेरची माती

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त घरं या एका कामाने बरी झाली. चढाकडून माती हळूहळू सरकत येते, पालापाचोळा कुजतो, कुणी फुलझाडं लावतं, आणि काही दशकांत बाहेरची जमीन आतल्या जमिनीच्या वर जाते. मग भिंतीचा तो भाग जमिनीत गाडल्यासारखाच असतो आणि त्याला वाळायला जागाच उरत नाही.

मोजायला पारदर्शक नळीत पाणी भरा, एक टोक दारातून आत आणि दुसरं बाहेर धरा. दोन्हीकडची पाण्याची रेघ एकाच पातळीत असते, तिथून खाली जमिनीपर्यंत मोजलं की फरक कळतो. बाहेरची जमीन आतल्यापेक्षा निदान १५ ते २० सेंटिमीटर खाली हवी, आणि भिंतीपासून पहिले दोन मीटर तिला मीटरमागे ५ सेंटिमीटर तरी बाहेरच्या बाजूला उतार हवा.

माती हातानेच काढा, फावडं आणि घमेलं घेऊन. जुन्या घरांचे पाये फार खोल नसतात. खणताना भिंतीच्या रेषेबाहेर आलेले रुंद, मोठे दगड दिसू लागले की तो पाया आहे. त्याच्या खाली एक बोटही जाऊ नका. पायाखालची माती काढली तर भिंत बसते. आणि लाकडाची रास भिंतीला टेकवून रचली असेल तर तीही वीतभर पुढे घ्या, मागून वारा फिरला पाहिजे.

५. सिमेंट, ऑइल पेंट आणि "वॉटरप्रूफ" लेप

दगडी भिंत श्वास घेते असं म्हणतात. प्रत्यक्षात होतं ते असं: दगडातून पाणी फारसं जात नाही, ते दर्जांमधल्या, म्हणजे दगडांच्या सांध्यांमधल्या, मऊ चुन्यातून किंवा मातीतून ये-जा करतं आणि पृष्ठभागावर वाळतं. दर्जा सिमेंटने भरल्या की तो रस्ता बंद. पाणी मग वर चढतं, किंवा दगडातून वाट काढतं, आणि गोठलं की सुमारे ९ टक्के फुगतं. दर्जा शाबूत पण दगडाचे चेहरे उडालेले, अशी भिंत दिसली की समजावं की दर्जांत सिमेंट आहे. आतल्या बाजूचा चुन्याचा गिलावा सुटण्याचं कारण कित्येकदा बाहेरच्या बाजूचं सिमेंट असतं, म्हणून दोन्ही बाजू बघा.

भिंतीवर पाण्याचे थेंब शिंपडा. चुना ते पिऊन टाकतो आणि गडद होतो. थेंब मोत्यासारखे घरंगळले तर वर प्लास्टिक रंग किंवा पाणी झटकणारा लेप आहे.

सिमेंट काढायचं तर आधी नजरेआडच्या जागी हातभर भाग छिन्नी-हातोड्याने काढून बघा. सहज सुटलं तर पुढे जा. सिमेंटबरोबर दगडाचा चेहरा निघू लागला तर थांबा, तो भाग तसाच ठेवा आणि आसपासच्या सुट्या जागा मोकळ्या करा. मशीनने कापू नका, पातं दगडात शिरतं. रंग खरवडायचा असेल तर पुढे शिशाबद्दल लिहिलं आहे ते आधी वाचा.

६. धुराडं आणि पाइप

हे पटकन उरकतं. तपकिरी डाग धुराड्याच्या रेषेत असतील तर छप्पर आणि धुराडं यांच्या सांध्यातून पाणी येतंय. वापरात नसलेलं धुराडं वरून-खालून ठासून बंद केलं असेल तर आत ओल कोंडते. वर टोपी आणि खाली जाळी अशी हवा खेळती ठेवा. पाइपसाठी रात्री सगळे नळ बंद करून टाकीची पातळी किंवा मीटरचा आकडा लिहून ठेवा. सकाळी बदल दिसला तर थंडीत गोठून एखादा पाइप उलला आहे.

७. लाकूड

ओल्या भिंतीत बसलेली तुळईची टोकं, उंबरा आणि जमिनीखालचे वासे टोच्याने तपासा. धड लाकडात टोच्या दोन-तीन मिलिमीटरवर अडतो आणि काढताना लाकूड त्याला धरून ठेवतं. कुजलेल्यात तो लोण्यात जावा तसा जातो. लाकडातली आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली असेल तर कुजवणाऱ्या बुरशीला सहसा थारा मिळत नाही. ओल मोजायचा यंत्रकाटा लाकडासाठी उपयोगी आहे. लोणा लागलेल्या भिंतीवर मात्र तो क्षारांमुळे खूप जास्त आकडा दाखवतो, तिथे त्याच्यावर विसंबू नका.

तुळईचं टोक भिंतीत बसवताना भोवती बोटभर हवा राहू द्या, आणि बसकण चुन्यात करा, सिमेंटमध्ये नको. जवसाचं तेल लावत असाल तर तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेतात. मोकळी पसरून बाहेर वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. लाकडी घरात याहून गंभीर सूचना दुसरी नाही.

८. क्षार

पाण्याची वाट बंद झाली तरी भिंतीत आधीच शिरलेले क्षार राहतात, आणि त्यातले काही हवेतली ओल ओढून घेतात. म्हणून दुरुस्तीनंतरही वर्षभर डाग दिसू शकतात. लोणा कोरड्या ब्रशने झाडा, खाली कागद पसरून गोळा करा आणि भिंतीपासून लांब टाका. पाण्याने धुऊ नका, क्षार विरघळून परत आत जातात. लोणा फार असेल तर आधी चुन्याचा कमजोर, भरपूर वाळूचा थर द्या, क्षार त्याच्यात येऊ द्या, आणि तो खराब झाला की काढून टाका. तो थर त्याच कामासाठी असतो, सुटला म्हणून वाईट वाटून घेऊ नका.

९. चढाकडचा चर

आधीचं सगळं करून एक ओला मोसम गेला, आणि चढाकडची भिंत तरीही ओली, तरच हे काम. चर भिंतीला लागून नको. एक ते दोन मीटर वर, पायापेक्षा खोल न जाता, तळाला सलग उतार देऊन. आत गाळणीचं कापड, छिद्रांचा पाइप, वर स्वच्छ खडी, आणि पाइपचं तोंड घराच्या खालच्या अंगाला उघड्यावर. तोंडच नसेल तर तो चर म्हणजे घराशेजारी बांधलेलं तळं. जमीन भुसभुशीत असेल किंवा उतार तीव्र असेल तर स्वतः खणू नका.

मग गिलावा

अर्धा मीटर जाडीची भिंत पूर्ण वाळायला दीड-दोन वर्षंही लागू शकतात. तेवढं थांबणं जमत नसेल तर खालचा पट्टा एक मोसम उघडा ठेवा. दिसायला बरं नसतं, पण भिंत त्यातून सगळ्यात लवकर वाळते.

एक भाग भिजवलेला चुना, तीन भाग कडक, धुतलेली वाळू. भिंत झाडून आदल्या दिवशी आणि लावण्याआधी ओली करा. एका वेळी ८ ते १० मिलिमीटर थर, वर ओरखडे, मग पुढचा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगड होतो आणि त्याला त्यासाठी ओल लागते, म्हणून काही दिवस दिवसातून दोन-तीनदा पाण्याचा फवारा आणि वर ओलं गोणपाट. तापमान ५ अंशांच्या खाली जाणार असेल तर काम पुढे ढकला. मातीचा गिलावा असेल तर तो जमिनीपर्यंत आणू नका. खालचा हातभर पट्टा चुन्याचा करा, आणि जमीन व गिलावा यांच्यात बोटभर फट सोडा, नाहीतर सांडलेलं पाणी तो वर ओढतो. कळीचा चुना घरी विरवत असाल तर चुना पाण्यात टाका, चुन्यावर पाणी कधीच ओतू नका. तो उकळून उडतो. डोळ्यांना चष्मा हवाच.

कुठे थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

भिंतीला पोट आलं असेल, ओळंबा सोडल्यावर ती झुकलेली दिसत असेल, किंवा ५ मिलिमीटरहून रुंद भेग असेल तर गिलाव्याचं काम बंद. लहान भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलने खुणा करून अंतर लिहून ठेवा. काही महिन्यांत ते वाढलं तर बांधकाम अभियंत्याला बोलवा. दारं अचानक अडकू लागली, बाहेर जमिनीला भेगा दिसल्या, झाडं उताराकडे कलली, तर प्रश्न घराचा नसून डोंगराचा आहे. त्याला भूवैज्ञानिक किंवा माती तपासणारा अभियंताच हवा, आणि तोवर तिथे झोपू नका.

तुळईचं टोक टोच्याने आरपार गेलं, लाकडाला चौकोनी तडे पडले, किंवा भिंतीवरून पांढरे धागे पसरताना दिसले तर आधी टेकू द्या आणि जाणत्या सुताराला दाखवा; बुरशी किती आत गेली आहे हे वरून कळत नाही. जुन्या रंगात शिसं असू शकतं, तो कोरडा घासू नका. जुन्या सिमेंट पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ते फोडू किंवा कापू नका. त्यासाठी परवानाधारक माणसंच हवीत. ओल्या भिंतीतल्या विजेच्या तारांना वायरमनशिवाय हात लावायचा नाही. शेगडी पेटवल्यावर डोकं दुखू लागलं तर सगळ्यांनी लगेच बाहेर पडा. धुराडं तपासून होईपर्यंत ती पुन्हा पेटवू नका.

बोलावलेल्या माणसाने पन्हळ, माती आणि बाहेरची बाजू न बघता थेट भिंतीत भोकं पाडून रसायन भरायचं सुचवलं, तर दुसऱ्याचं मत घ्या. दोन्ही बाजूंना दगड आणि मध्ये गोट्यामातीचा भराव अशा भिंतीत ते रसायन सलग पसरेल याची खात्री देता येत नाही. गवंडी शोधताना त्याने चुन्यात केलेलं जुनं काम बघायला मागा, आणि निदान एक हिवाळा काढलेली भिंत दाखवायला सांगा.